अँबॅसडरचं १४८९ सीसी इंजिन रोजच्या वापरासाठी नव्याने बांधताना

हिंदुस्थान मोटर्सने १९५९ पासून अँबॅसडरला जे १४८९ सीसीचं ओव्हरहेड वॉल्व्ह पेट्रोल इंजिन बसवलं, ते मुळात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी सिरीज. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ८८.९ मिमी, क्रँकला तीन मेन बेअरिंग, ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे. पुढे दिलेली मापं या इंजिनाची आहेत. त्याआधीचं साइड वॉल्व्ह इंजिन, डिझेल आणि नंतर आलेलं इसुझूचं १.८ लीटर यांना ती लावू नका.

रोज चालवायच्या गाडीत ‘अपग्रेड’ म्हणजे जास्त ताकद नव्हे. तीन बेअरिंगांवर झुलणारा लांब स्ट्रोकचा क्रँक जास्त फेऱ्यांना खूश नसतो. दोन कार्बोरेटर आणि तिखट कॅमशाफ्ट लावून त्याला पळवायला गेलं की मधलं मेन बेअरिंग आधी तक्रार करतं. पैसे घालायचे ते आजच्या पेट्रोलला टिकणाऱ्या हेडवर, तेलाच्या दाबावर, कूलिंगवर, इंधनाच्या नळ्यांवर आणि चार्जिंगवर. पुण्याच्या सिग्नलवर दहा मिनिटं उभी राहून मग कात्रजचा घाट चढणारी गाडी हवी असेल तर क्रम हाच.

कागदाची एक गोष्ट आधीच बघून ठेवा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असतात. ती नोंदणी घेतलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रोज चालवायची असेल तर नेहमीची नोंदणी नूतनीकरण करून ठेवा. ब्लॉक बदलावा लागला तर इंजिन नंबर बदलतो आणि आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते. शक्य असेल तर जुनाच ब्लॉक स्लीव्ह (झिजलेल्या सिलिंडरमध्ये बसवायची लोखंडी नळी) घालून वाचवा.

उघडण्याआधी

चालू अवस्थेत इंजिन जे सांगतं ते टेबलावर सुटं पडल्यावर सांगत नाही. अर्धा तास गाडी फिरवून इंजिन पूर्ण गरम करा आणि मेकॅनिकल गेज लावून तेलाचा दाब बघा. चालताना ५० पीएसआयच्या आसपास आणि आयडलला १५ असेल तर खालची बाजू ठीक आहे. आयडलला काटा शून्याला टेकत असेल तर क्रँक ग्राइंडिंगचा खर्च धरूनच चाला.

मग चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कम्प्रेशन तपासा. आकडा किती आला यापेक्षा चारांत फरक किती हे महत्त्वाचं. १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा तपासा. आकडा वर आला तर रिंगा किंवा बोअर, तिथेच राहिला तर वॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर त्या दोघांमधली हेड गॅस्केट फुटलेली असते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर निळा धूर येत असेल तर गाइड (वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) झिजलेत; चढावर सतत येत असेल तर रिंगा.

एवढ्यावर निम्मं अंदाजपत्रक तयार होतं. तरीही पिस्टन-रिंगचा सेट आताच विकत घेऊ नका. बोअर मोजल्याशिवाय ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किती मोठा पिस्टन लागेल ते) ठरत नाही, आणि आणलेला सेट परत घेणारा दुकानदार विरळा.

काढताना

डायनमो-सेल्फसकट हे इंजिन दीडशे किलोच्या पुढे जातं. चेन ब्लॉक एक टनाचा घ्या आणि त्याची कडी ज्याला अडकवणार ते तुळईच आहे, छताचं लाकूड नाही, याची खात्री करा. नट-बोल्ट बहुतेक इंची आहेत. मिलिमीटरच्या पान्याने ते ‘जवळजवळ’ बसतात आणि कोपरे गोल होतात. १/२ आणि ९/१६ चे चांगले रिंग पाने आणि सॉकेट आधी जमवा.

खोलताना तीन ठिकाणी घाई नडते. पुशरॉड आणि टॅपेट ज्या जागेवरून निघाले त्याच जागी परत जायला हवेत. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात क्रमाने खोचा. कनेक्टिंग रॉडचे मोठे डोळे तिरके कापलेले आहेत, म्हणून पिस्टन रॉडसकट वरून निघतो. रॉड आणि त्याच्या टोपीवर एकाच बाजूला पंचने नंबर मारा, चुकीची टोपी चुकीच्या रॉडवर गेली की डोळा गोल राहत नाही. आणि वरच्या टोकाला गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) बोल्टने आवळलेली असते. हा बोल्ट सैल करताना पिस्टन व्हाइसमध्ये पकडू नका. पिनच्या दोन्ही टोकांना पितळी गुटके लावून पिन पकडा, नाहीतर रॉड वाकतो आणि वाकलेला रॉड डोळ्याला दिसत नाही.

मोजमाप

बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीला क्रँकच्या दिशेने व आडवं, असं सहा ठिकाणी मोजा. चार सिलिंडरचे २४ आकडे कागदावर लिहा. सर्वांत जास्त झीज वरच्या रिंगेच्या जागी, आडव्या दिशेने सापडेल. वरची आणि खालची मापं ०.१५ मिमीपेक्षा जास्त वेगळी असतील तर नुसत्या नव्या रिंगा घालण्यात अर्थ नाही. झिजलेल्या बोअरमध्ये रिंग प्रत्येक फेरीला उघडझाप करते आणि वर्षभरात पुन्हा धूर सुरू.

ओव्हरसाइज १०, २०, ३० आणि ४० थाऊ असे मिळतात (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी). ४० थाऊला इंजिन सुमारे १५३१ सीसी होतं. त्यापुढे ड्राय स्लीव्ह घालून मूळ मापावर यायचं. आधीच ४० ला गेलेला ब्लॉक घेऊन ‘अजून एकदा चालेल’ म्हणणाऱ्या लेथवाल्याचं ऐकू नका.

पिस्टन हातात आल्यावरच बोअर करायला द्या, आणि तो त्याच पिस्टनांवर मोजून करायला सांगा. पिस्टन आणि भिंत यांतली फट पिस्टनच्या खोक्यावर दिलेली असते, स्कर्टच्या खालच्या बाजूला साधारण ०.०५ मिमी. शेवटी ४५ अंशांत तिरक्या रेघा पडतील असं होनिंग हवं. भिंत आरशासारखी चकचकीत आली तर रिंगा बसणार नाहीत आणि तेल पीत राहतील.

क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मुळात ५०.८ मिमी, क्रँकपिन ४७.६५ मिमीच्या आसपास. मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल दोन दिशांना मोजा, ०.०२५ मिमीहून जास्त लंबगोल असेल किंवा नखाला चर लागत असेल तर ग्राइंडिंग. अंडरसाइज बेअरिंग १० थाऊच्या टप्प्याने मिळतात. दुकानात दोन गोष्टी बजावून सांगा: जर्नल आणि भिंतीच्या कोपऱ्यातली गोलाई तशीच राहू दे (काटकोन झाला की क्रँक तिथेच तुटतो), आणि तेलाच्या भोकांच्या कडा मोडून पॉलिश कर. ग्राइंडिंगची भुकटी तेलाच्या आतल्या वाटांमध्ये जाते. क्रँक घरी आणल्यावर त्या वाटा बारीक ब्रश, रॉकेल आणि हवेच्या दाबाने स्वतः साफ करा. नव्या बेअरिंगांचा सर्वांत मोठा शत्रू ही भुकटी आहे.

ब्लॉकलाही तेच. मुख्य ऑइल गॅलरीचे प्लग काढून आत लांब ब्रश फिरवा. पाण्याच्या जॅकेटसाठी बाजूचे गोल वॉटर प्लग काढून टाका आणि मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवती तारेने खरवडा. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी प्यायलेल्या इंजिनात तिथे चिखलाचा आणि क्षारांचा थर दगडासारखा बसलेला असतो. कित्येक गाड्या ‘रेडिएटर नवा टाकूनही गरम होते’ त्याचं कारण बऱ्याचदा इथे असतं.

हेड: खरा खर्च इथे करा

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. हे हेड शिशाच्या काळातलं आहे. एक्झॉस्ट वॉल्व्ह थेट हेडच्या लोखंडात कापलेल्या सीटवर आपटतो. शिशाच्या संयुगांचा थर दोघांमध्ये गादीचं काम करायचा. तो नसला की तापलेला वॉल्व्ह सीटला क्षणभर चिकटतो आणि सुटताना लोखंडाचा कण उपटून नेतो. सीट खोल जाते, वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट (रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यातली) आपोआप कमी होत जाते. दर दोन-तीन हजार किलोमीटरला एक्झॉस्टचे टॅपेट आवळलेले सापडत असतील तर हाच रोग. शेवटी वॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि जळतो.

उपाय एकच: चारही एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट रिंगा. हेडमधला खड्डा रिंगेच्या मापापेक्षा ०.०८ ते ०.१० मिमी लहान कापायचा, हेड गरम करून रिंग दाबून बसवायची. खड्डा सैल कापला आणि बाहेरून पंचने ठोकून रिंग अडकवली, असं काम घाटात रिंग सुटून पिस्टनवर पडेपर्यंत चांगलं दिसतं. आधी काम झालेलं हेड असेल तर सीटभोवती बारीक गोल रेघ दिसते. ती असेल तर रिंग हलत नाही ना एवढं तपासा. इनटेकला रिंगांची गरज नाही, तिकडे थंड मिश्रण येत असतं.

रिंगांचे पैसे देण्याआधी तडे तपासा. वॉल्व्हचा क्रम पुढून एक्झॉस्ट, इनटेक, इनटेक, एक्झॉस्ट, पुन्हा एक्झॉस्ट, इनटेक, इनटेक, एक्झॉस्ट असा आहे. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट शेजारी आहेत आणि दोघांचा धूर एकाच वाटेने बाहेर पडतो. हेडचा सर्वांत तापणारा भाग हा. तडा जातो तो बहुधा इथल्या सीटपाशी. डाय पेनेट्रंटचे तीन डबे (साफ करायचा, लाल रंगाचा, पांढरा) हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतात. घरीच तपासता येतं.

गाइडमध्ये वॉल्व्ह डुलत असेल तर आधी गाइड बदला, मग सीट कापा. उलट केलं तर सीट गाइडशी एका रेषेत राहत नाही. सीटचा कोन ४५ अंश, एक्झॉस्टच्या सीटची रुंदी दीड ते दोन मिमी ठेवा. फार अरुंद केली तर उष्णता हेडमध्ये उतरत नाही. ऑइल सील इनटेकच्या वॉल्व्हला पुरेत.

फेसिंगला हेड देताना ‘सपाट होईल एवढंच काप’ म्हणा. किती कापलं यावर कम्प्रेशन रेशो ठरतो आणि तो मोजणं अवघड नाही. एका सिलिंडरचं स्ट्रोकचं आकारमान ३७२ सीसी आहे. पिस्टन वर असताना उरणारी एकूण जागा (हेडमधला खळगा, गॅस्केटची जाडी, पिस्टनचा खोलगटपणा धरून) ६० सीसी असेल तर रेशो ७.२, आणि ५१ सीसी असेल तर ८.३. या इंजिनाचे हे दोन्ही रेशो मूळ बनावटीत होते. हेडचा खळगा मोजायला भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी व्हॅसलिनने चिकटवा आणि सिरिंजने रॉकेल सोडा. रोजच्या गाडीसाठी ७.८ ते ८.३ च्या मध्ये कुठेही थांबा. चारही सिलिंडर एकमेकांच्या एका सीसीत आले की आयडल आपोआप गुळगुळीत होतो, त्याला वेगळा खर्च नाही.

जोडणी

जोडणीच्या दिवशी गॅरेजमध्ये दुसरं काही कापू-घासू नका. सगळे भाग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, वाळवून, लगेच तेल लावलेले असू द्या; बोअरमध्ये पांढरा कपडा फिरवून तो पांढराच बाहेर आला पाहिजे.

मेन बेअरिंग बसवून क्रँक ठेवा, प्लॅस्टिगेजचा (फट मोजायची, दबून चपटी होणारी बारीक पट्टी) तुकडा टाकून टोप्या ७० फूट-पाउंडला (९५ न्यूटन-मीटर) आवळा, क्रँक न फिरवता परत सोडा आणि दबलेल्या पट्टीवरून फट वाचा. ०.०३ ते ०.०५ मिमी उत्तम. क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून मधल्या मेनपाशी थ्रस्ट वॉशर असतात. त्यांची तेलाची खाच क्रँकच्या अंगाला हवी. उलटे बसले तर काही शे किलोमीटरमध्ये खलास. क्रँकची पुढे-मागे हालचाल ०.०५ ते ०.०८ मिमी ठेवा.

रिंगा प्रत्येकी आपल्याच सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनने सरळ खाली ढकलून तोंडाची फट फिलर गेजने बघा. ०.३० मिमीच्या आसपास हवी. कमी असेल तर बारीक कानशीने घासा. गरम झाल्यावर तोंडं भिडली की रिंग तुटते. बसवताना कुठल्याही दोन रिंगांची तोंडं एकाखाली एक येऊ देऊ नका. गजन पिनचा बोल्ट २५ फूट-पाउंड (३४ न्यूटन-मीटर), रॉडचे बोल्ट ३५ (४७), फ्लायव्हील ४० (५४). रॉडच्या बोल्टच्या लॉकपट्ट्या नव्या घाला. जुनी पट्टी एकदा उलगडली की पुन्हा वळवताना तडकते.

कॅमशाफ्ट नवा किंवा ग्राइंड केलेला असेल तर टॅपेटही नवेच. जुन्या टॅपेटचा तळ झिजून खोलगट झालेला असतो आणि तो नव्या कॅमचा माथा खातो. दोन्हींवर जोडणीचं मॉलिब्डेनम पेस्ट भरपूर लावा. टायमिंगच्या दोन्ही चक्रांवरच्या खुणा समोरासमोर आणून चेन चढवा, मग क्रँक दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवून खुणा परत जुळतात ना ते बघा.

ऑइल पंपाचं झाकण उघडून तीन फटी मोजा. आतल्या-बाहेरच्या रोटरच्या टोकांमध्ये ०.१५ मिमीपर्यंत, बाहेरचा रोटर आणि बॉडी यांत ०.२५ पर्यंत, वरून झाकणाशी ०.१२ पर्यंत. पुढे असेल तर पंप नवा घाला. नव्या बेअरिंगांवर जुना पंप ठेवणं ही काटकसर चुकीच्या जागी केलेली आहे. बसवण्याआधी पंपात व्हॅसलिन भरा, म्हणजे पहिल्या फेरीपासून तो तेल ओढेल. ग्रीस भरू नका, ते विरघळत नाही आणि फिल्टर तुंबवतं.

हेडचे नट ११ आहेत. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे गोल फिरत, तीन टप्प्यांत आवळा: १५, ३०, मग ४० फूट-पाउंड (५४ न्यूटन-मीटर). स्टडचे आटे स्वच्छ आणि तेलाने ओले हवेत, कोरड्या आट्यांवर टॉर्क पाना खोटं बोलतो. रॉकर स्टँडचे नट २५. टॅपेटची फट ०.३८ मिमी, म्हणजे १५ थाऊ, इंजिन थंड असताना. फिरवत बसायला सोपा हिशोब नऊचा: आठवा वॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावा, सातवा दाबलेला असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ.

तेल गळणं

क्रँकच्या मागच्या टोकाला या इंजिनात रबरी सील नाहीच. तिथे क्रँकवर उलटे आटे कातलेले आहेत, ते फिरता फिरता तेल परत आत ढकलतात. म्हणजे इंजिन बंद असताना आणि आतला दाब वाढल्यावर तिथून तेल येणारच. दोन गोष्टी हातात असतात. मागच्या मेन टोपीच्या खालची तेल परत जायची वाट मोकळी ठेवणं, सिलिकॉन फासून ती बुजवण्याचा प्रकार फार दिसतो. दुसरं, ब्रीदरची नळी साफ. ती तुंबली की रिंगांमधून उतरलेला दाब मागच्या आट्यांमधूनच वाट काढतो. नंतर बसवायची लिप सीलची किट मिळतात. क्रँकचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तरच ती उपयोगाची.

सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या परातीच्या) पुढच्या-मागच्या अर्धगोलात बुचाच्या पट्ट्या बसतात. त्या कडेपासून दीड मिमी वर राहतील अशा कापा, सम्प आवळताना दबून बरोबर बसतात. टॅपेटची दोन पत्र्याची झाकणं डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या मागे लपलेली आहेत. इंजिन गाडीत गेल्यावर तिथे हात पोचत नाही, म्हणून गॅस्केट आत्ताच नीट बसवा आणि बोल्ट हाताच्या जोरापेक्षा थोडेच जास्त आवळा. जोराने पत्रा वाकतो आणि मग काही केल्या गळती थांबत नाही.

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट बदला. रिलीज बेअरिंग कार्बनच्या कड्याचं असतं. सिग्नलला क्लच दाबून बसायची सवय असेल तर ते लवकर संपेल, गिअर काढून उभं राहा.

कूलिंग

थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या अँबॅसडर मोजायला बसलात तर थकाल. ‘आपल्याकडे गरमी, त्याची गरज काय’ हा युक्तिवाद फसवा आहे. थंड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल भिंतींवरून तेलात उतरतं, तेल पातळ होतं, वॉल्व्ह कव्हरखाली पिवळट साय धरते आणि बोअर झिजतं. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट घाला, बसवण्याआधी पातेल्यात थर्मामीटरसोबत उकळून उघडतो ना ते बघा.

रेडिएटर नुसता रॉड मारून (सळईने नळ्या साफ करून) घेण्यापेक्षा नवा कोअर टाकून घेतलेला बरा. झाकण ७ पीएसआयचं. त्याने पाणी उकळण्याचं तापमान ११-१२ अंशांनी वाढतं. त्याहून जास्त दाबाचं झाकण जुन्या हीटरच्या आणि टाकीच्या जोडांना झेपत नाही. अर्धं कूलंट, अर्धं डिमिनरलाइज्ड पाणी. नळाचं नको, बोअरवेलचं तर नकोच.

इलेक्ट्रिक फॅन लावायचा असेल तर रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा, ९२ अंशांना सुरू होणाऱ्या स्विचवर आणि रिलेमधून. फॅनची आधीपासूनची दिशा एकदा कागदाचा तुकडा धरून तपासा. उलट्या तारा जोडलेला फॅन गाडी चालताना समोरच्या वाऱ्याशी भांडत राहतो आणि सिग्नलला ठीक, हायवेला गरम असं विचित्र लक्षण दिसतं.

पेट्रोल, ई २० आणि कार्बोरेटर

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून हवा-पेट्रोलचं योग्य प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. जुन्या जेटवर गाडी ८ टक्के कोरडी (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते: थंडीत सुरू व्हायला नखरे, अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर अडखळणं, चढावर तापणं. कार्बोरेटर सोलेक्स बनावटीचा असेल तर मेन जेट एक पायरी मोठा घ्या. ११५ चा १२०. जेटला तार घालून मोठा करू नका, भोक लंबगोल होतं. एसयू असेल तर जेटखालचा नट एका वेळी एक चपटी बाजू एवढाच खाली घ्या आणि दहा किलोमीटर चालवून प्लग बघा. फिकट तपकिरी चांगला, पांढरा म्हणजे अजून कोरडा.

जुनी रबरी नळी ई २० मध्ये फुगते, मऊ होते, मग आतून सुटून जेटमध्ये जाते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी एसएई जे३० आर९ दर्जाची घ्या, अंगावर तसं छापलेलं असतं. पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरची गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह एकत्रच बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी इथेनॉल ओढून घेतं आणि पावसाळ्यात ते तळाशी वेगळं बसतं.

या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. मे महिन्यात गाडी बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की सुरू होत नाही, ते कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळल्यामुळे. कार्बोरेटरखाली बेकलाइटची जाड गॅस्केट, एक्झॉस्टच्या बाजूने अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून हातभर लांब. या तिन्हींचा एकूण खर्च एका टाकीच्या पेट्रोलएवढाही नाही.

वीज आणि इग्निशन

मूळ डायनमो २२ अँपिअरच्या आसपास देतो, तेही फेऱ्या वाढल्यावर. आयडलला हेडलाइट, वायपर आणि फॅन एकत्र चालणार नाहीत. ३५ ते ४५ अँपिअरचा अल्टरनेटर लावा आणि जुना कट-आऊट (डायनमोचं चार्जिंग सांभाळणारी पेटी) काढून टाका. त्याआधी बॅटरीची कोणती तार बॉडीला आहे ते बघा: जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असू शकतो. तशातच अल्टरनेटर जोडला तर त्याचे डायोड क्षणात जळतात. उलटवताना कॉइलच्या दोन तारा आणि अ‍ॅमीटरच्या ताराही अदलाबदल करा. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची तार जाड, निदान ६ चौ. मिमीची.

पॉइंट ठेवणार असाल तर फट ०.३८ मिमी, प्लगची ०.६४. रोजच्या गाडीला डेल्कोच्या (प्लगना क्रमाने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या) आत बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जास्त सोयीचं, पण डेल्कोची दांडी डुलत असेल तर आधी बुश बदला. जुना पॉइंट-कंडेन्सर सेट डिकीत असू द्या. तो कुठल्याही गावात बसवता येतो. फायरिंग १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो.

पहिली सुरुवात आणि पहिले १५०० किलोमीटर

२० डब्ल्यू ५० मिनरल तेल साधारण ४ लीटर, शेवटचा शब्द डिपस्टिकचा. सिंथेटिक पातळ तेल आता नको, रिंगा बसणार नाहीत. प्लग काढलेले असताना सेल्फ १० सेकंद मारा, ३० सेकंद थांबा. गेजचा काटा उठेपर्यंत हेच. मग प्लग लावा.

सुरू झाल्यावर आयडलला सोडू नका. लगेच २००० आरपीएमवर न्या आणि २० मिनिटं १५०० ते २५०० मध्ये खालीवर करत ठेवा. कॅम आणि टॅपेट यांना तेल मिळतं ते उडून, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. नवा कॅम खराब होतो तो बहुधा याच अर्ध्या तासात. एक माणूस तेलाच्या गेजवर, एक रेडिएटरवर नजर ठेवून.

थंड झाल्यावर हेड पुन्हा त्याच क्रमाने ४० ला आवळा, टॅपेट पुन्हा ०.३८ ला लावा; हेड बसलं की फट बदलते. तेल आणि फिल्टर पहिल्या २०० किलोमीटरला बदला आणि जुना फिल्टर कापून कागद उलगडून बघा. बारीक राखाडी चमक चालते. तांबूस पत्रीचे तुकडे दिसले तर सम्प काढून बेअरिंग बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिले ८०० किलोमीटर एकाच वेगाने लांब चालवू नका आणि टॉप गिअरमध्ये जोर लावून कुंथवू नका. रिंगा बसवायला मध्यम जोराने वेग वाढवून मग अ‍ॅक्सिलरेटर सोडणं, हे आलटून पालटून उपयोगाचं: दाबाने रिंग भिंतीला टेकते, सोडल्यावर पोकळीने तेल वर ओढलं जातं. ५०० ला हेड आणि टॅपेट आणखी एकदा, १५०० ला तेल, टॅपेट, टायमिंग आणि फॅन बेल्ट. यावेळी एक्झॉस्टची फट किती आली ते वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या ५००० ला त्याच चार वॉल्व्हची फट पुन्हा मोजून शेजारी लिहा. आकडे तेच राहिले तर सीटचं काम बरोबर झालं आहे.